अलिबागची तारीख तिथी बघून ठरवा: विदर्भातून मित्रांसोबत शनिवार-रविवारची सहल

विदर्भातून समुद्र बघायला निघणाऱ्या मित्रमंडळींचं नियोजन बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी सुट्टी कोणाला कधी ते बघायचं, मग तिकीट, मग खोली. तिथं पोचल्यावर कळतं की किल्ला चहूबाजूंनी पाण्यात आहे आणि ओहोटी संध्याकाळी सहाला लागणार, तेव्हा आपण परतीच्या गाडीत असू. मग किनाऱ्यावरून किल्ल्याचा फोटो काढायचा, भजी खायची आणि परत यायचं. अलिबागला जाऊन कुलाबा किल्ल्यात पाय न ठेवता आलेली माणसं आपल्या भागात भरपूर सापडतात.

हे टाळायचं असेल तर क्रम बदला. आधी तिथी, मग रेल्वेचं तिकीट, मग खोली, आणि सगळ्यात शेवटी व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव.

अलिबागच कशाला, असं मित्रांपैकी एकजण विचारतोच. "समुद्र त जुहूलेही हाय बे, मंग येवढ्या दूर कायले?" त्याला सांगायचं ते एवढंच, की जुहूला समुद्र आहे, पण आरमार नाही. अलिबाग हे कान्होजी आंग्र्यांचं गाव. ओहोटीला चालत जाता येईल असा भर समुद्रातला किल्ला, शहराच्या मध्यात आंग्र्यांच्या समाध्या, ज्यूंचं प्रार्थनामंदिर, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा, आणि थोडं दक्षिणेला गेलं की पोर्तुगीजांचं रेवदंडा. हे सगळं दोन दिवसांत बसतं. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसलं तर सोमवारी सकाळी माणूस आपल्या स्टेशनावर उतरलेला असतो.

तिथीचं गणित

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यापासून सव्वासहा तास पुढे किंवा मागे ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी पहिल्या तिथीपासून पंधरापर्यंत. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेली असतेच, त्यामुळे हे गणित दारव्हा-दिग्रसच्या घरात बसूनही जमतं.

आता याचा आपल्या गाडीच्या वेळेशी मेळ घाला. शनिवारी दुपारपर्यंत आपण मुंबईहून बोटीने अलिबागला पोचतो, रविवारी दुपारी निघतो. म्हणजे ओहोटी शनिवारी दुपारी तरी हवी, नाहीतर रविवारी सकाळी.

रविवारी तृतीया, चतुर्थी किंवा पंचमी असेल तर ओहोटी साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. हा सगळ्यात चांगला योग. रात्री आराम, सकाळी किल्ला, दुपारी बोट.

शनिवारी एकादशी, द्वादशी किंवा त्रयोदशी असेल तर ओहोटी दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान. हेही चालतं, फक्त बोट चुकायला नको आणि किनाऱ्यावर वेळेत पोचायला हवं.

अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराच्या पुढे येते. वेळ सोयीची वाटते, पण त्या दिवसांत पाणी पुरेसं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही खोल. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात जाते, भरती लहान आणि ओहोटीही अर्धवट. ही भांगाची भरती. भांगाच्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर किंवा जास्त पाणी राहू शकतं. उलट ऐन पौर्णिमेला वाट छान कोरडी पडते, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. सकाळी सहाला किनाऱ्यावर उभं राहायची तयारी असेल तर तीही संधीच आहे. मित्रमंडळ किती वाजता उठतं हे तुम्हाला माहीत.

हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. तारीख ठरवायला तो पुरे. निघायच्या आठवड्यात मात्र मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर बघा आणि मुक्कामाच्या घरमालकाला विचारा. त्याला ते तोंडपाठ असतं.

तिथी बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कृष्ण पक्षातली चतुर्थी म्हणजे संकष्टी. रविवारी संकष्टी आली आणि कंपूत दोघं उपासाचे निघाले तर मासळीचा बेत शनिवारीच उरकून घ्या. माघी गणेश जयंतीला किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला गर्दी होते. भाविक असाल तर जरूर जा, निवांत किल्ला बघायचा असेल तर ती तारीख सोडा.

महिना कोणता

जून ते ऑगस्ट मुंबईच्या गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडवा बंदराला जाणाऱ्या नेहमीच्या बोटी बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो. आपल्याकडेही तेव्हा पेरणी, डवरणी, फवारणी. म्हणजे पावसाळा दोन्हीकडून बाद. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, हवा दमट असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ, पण त्यातही कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी आणि गहू-हरभऱ्याचं ओलीत आहेच. कंपूत शेतीवाले असतील तर रात्रीची लाईन कोणत्या आठवड्यात आहे हे आधी विचारा. मोटर चालू करायला मागे कोणी नसलेला मित्र शुक्रवारी दुपारी गळतो आणि त्याच्या तिकिटाचे पैसे बुडतात.

तूर घरी आल्यावर, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, हा माझ्या मते उत्तम काळ. तेव्हा अलिबागचा पांढरा कांदाही बाजारात यायला लागतो. ३१ डिसेंबर आणि २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी टाळा. तेव्हा अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं तिथंच असतं, आणि खोलीचा दर ऐकून आपल्याला गावची बटई आठवते.

रेल्वे

विदर्भ एक्सप्रेस दुपारी गोंदियाहून निघून नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला घेत सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. अमरावती–मुंबई एक्सप्रेस संध्याकाळी अमरावतीहून निघते आणि तीही सकाळीच पोचते. या सहलीसाठी या दोनच गाड्या बघा. सेवाग्राम एक्सप्रेस चांगली गाडी आहे, पण ती नागपूरहून रात्री निघते आणि मुंबईत दुपारपर्यंत पोचते. शनिवारचा अर्धा दिवस तिथंच जातो.

यवतमाळवाल्यांनी धामणगाव धरावं, चिखली-बुलढाण्याकडच्यांनी मलकापूर किंवा शेगाव. गडचिरोली-चंद्रपूरकडच्यांना आधी नागपूर किंवा वर्धा गाठावं लागतं, म्हणून त्यांचा शुक्रवार पूर्ण सुट्टीचाच धरा. गावाहून स्टेशनापर्यंतची एसटी शेवटची पकडू नका, त्याच्या आधीची पकडा.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जातानाचं शुक्रवारचं आणि येतानाचं रविवारचं तिकीट एकाच दिवशी निघत नाही. दोन दिवसांच्या अंतरानं दोन सकाळी बसावं लागतं. दुसरी सकाळ विसरणारे कंपू खूप आहेत, आणि रविवारची परतीची गाडीच जास्त भरलेली असते. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून ठेवा, नाहीतर आरक्षण उघडताच तिकीट निघणार नाही आणि तत्काळही मिळणार नाही.

एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ प्रवासी बसतात, तत्काळमध्ये ४. म्हणून कंपू सहाचा असेल तर सगळ्यात सोपं: एक पीएनआर आणि बहुतेक वेळा एकच कप्पा. सातवा मित्र आला की दोन तिकिटं, दोन डबे, आणि रात्रभर पत्ते खेळायला कोणीतरी डबा ओलांडून येतोय. सगळंच वेटिंग राहिलं तर ई-तिकीट चार्ट लागताना आपोआप रद्द होतं आणि आरक्षित डब्यात चढता येत नाही. "टीसीले सांगू, होऊन जाईन" या भरवशावर रात्रीचा प्रवास ठेवू नका.

रात्रीचं जेवण घरूनच बांधून घ्या. ज्वारीची भाकर, ठेचा, तेलात परतलेली वांग्याची भाजी. शुक्रवारी रात्री हे सगळं टिकतं, आणि पुढचे दोन दिवस भात-मासळीच आहे.

मुंबईत उतरल्यावर

स्टेशनावरच्या प्रतीक्षालयात तोंड धुवून घ्या. बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडून एकदा मागे वळून इमारत बघा. १८७८ ते १८८८ या काळात बांधलेलं हे स्टेशन २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि आपण त्यातून पिशव्या सावरत निघून जातो. तिथून गेटवे ऑफ इंडिया दोन-अडीच किलोमीटर. सामान कमी असेल तर फोर्टमधून चालत जा. सकाळी ते रस्ते मोकळे असतात. नाहीतर टॅक्सी, मीटरने.

गेटवेवर बोटीच्या तिकिटांच्या खिडक्या आहेत. मांडव्याला जाणाऱ्या कंपन्यांच्या तिकिटात पुढे अलिबागपर्यंतची बस बहुधा धरलेली असते, "बस धरून आहे ना?" हे विचारूनच पैसे द्या. तिथंच घारापुरीच्या बोटीसाठी ओढणारे लोक भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. समुद्रातून मांडवा तासाभराचा, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. ज्याला गाडी लागते त्याने बोटीत खालच्या मजल्यावर, मध्यभागी बसावं आणि रिकाम्या पोटी चढू नये. वरच्या मजल्याला काही कंपन्या जादा पैसे घेतात. पहिल्यांदा समुद्र बघणारा कोणी असेल तर ते पैसे द्या.

बोटीतून मागे मुंबई लहान होत जाते तेव्हा एक गोष्ट मित्रांना सांगण्यासारखी आहे. याच पाण्यावरून ये-जा करणाऱ्या जहाजांना कान्होजींचा परवाना, म्हणजे दस्तक, घ्यावा लागे. इंग्रज त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणत आणि ते इंग्रजांच्या जहाजांकडे आपल्या हद्दीतून विनापरवाना जाणारे परके म्हणून बघत.

बोट काही कारणानं बंद असेल तर पर्याय दोन. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, किंवा पनवेलहून पेणमार्गे अलिबागची एसटी. रस्त्याने जायचं असेल तर रेल्वेतून ठाण्यालाच उतरून पनवेल गाठणं सोयीचं.

मुक्काम

अलिबाग शहरात हॉटेलं आहेत, पण कंपूसाठी वरसोली, आक्षी किंवा नागावच्या वाड्यांमधली घरगुती सोय बरी. नारळी-पोफळीच्या बागेत दोन-तीन खोल्या, अंगणात झोपाळा, जेवण घरचं. फोनवर विचारायच्या गोष्टी: एका खोलीत किती जण, खोली किती वाजता मिळेल (शनिवारी अकरा-बाराला पोचणार हे स्पष्ट सांगा), शाकाहारी आणि मासळीचं ताट केवढ्याला, समुद्र पायी किती मिनिटं. फक्त मुलांचा कंपू असेल तर काही जण नकार देतात. ते आधीच विचारून घेतलेलं बरं.

आगाऊ पैसे मागतातच. ते देण्याआधी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. सुंदर फोटो टाकून अस्तित्वात नसलेल्या बंगल्याचे पैसे उकळणारे लोक आहेत, आणि लांबून येणारा माणूस त्यांना सोपा वाटतो. दाखवायला टाळाटाळ झाली की सोडून द्या.

शनिवार: शहर पायी

ओहोटी शनिवारी दुपारची असेल तर सामान टाकून थेट किल्ल्याकडे. रविवारची असेल तर शनिवार शहरासाठी.

कान्होजींची समाधी शहरातच, छत्रीबागेत आहे. ४ जुलै १७२९ रोजी ते गेले. बाजूला आंग्रे घराण्यातल्या इतरांच्या समाध्या आहेत. ज्या माणसाला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही हरवू शकले नाहीत त्याच्या समाधीवर फार गर्दी नसते. शांतपणे बसता येतं. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० च्या दशकात वारसाचा प्रश्न काढून इंग्रजांनी खालसा केलं. हाच डाव पुढे १८५४ साली नागपूरकर भोसल्यांवर खेळला गेला, म्हणून आपल्या माणसांना ती गोष्ट लगेच समजते.

तिथून हिराकोट जवळ. काळ्या दगडांची भक्कम तटबंदी. आंग्र्यांचा खजिना इथं असे, पुढे इंग्रजांनी तुरुंग केला. तो बाहेरूनच बघायचा. तळ्याकाठी पाच मिनिटं, बास.

इस्राएल आळीतलं ज्यूंचं मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर मात्र चुकवू नका. बेने इस्राएल समाजाची आठवण अशी, की त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले. त्यांनी तेल गाळायचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. घरात मराठी, आडनावं गावांवरून: पेणकर, किहिमकर, नवगावकर. बहुतेक कुटुंबं आता इस्रायलला गेली. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, प्रार्थनेचा वार. आत जायला मिळेल असं धरू नका, मिळालं तर डोकं झाकून जा आणि फोटोआधी विचारा. अलिबाग हे नावही याच समाजातल्या अली नावाच्या बागाईतदाराच्या विहिरी आणि बागांवरून पडलं, असं सांगतात.

किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला हे काम चालायचं; तिथं विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजणी बिघडेल म्हणून १९०४ पासून ती अलिबागला आणली. सहज आत जाता येत नाही, पण कंपूत विज्ञानाचा मास्तर असेल तर त्याला फाटकासमोर दहा मिनिटं बोलू द्या.

संध्याकाळ किनाऱ्यावर. वाळू काळपट आणि घट्ट आहे, गोव्याच्या चित्रातली नाही. गाडी घेऊन गेला असाल तर ती वाळूवर उतरवू नका. ओली वाळू चाक धरते आणि भरती वाट बघत नाही.

किल्ला

आता मुख्य गोष्ट. किल्ला किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटर आत. पूर्ण ओहोटीची वेळ नऊ असेल तर साडेसातला किनाऱ्यावर हजर राहा. पाणी हटायला लागलेलं असतं, पुढे लोक आणि घोडागाड्या निघालेल्या दिसतात. स्थानिक माणूस चालतोय त्याच वाटेने चला, सरळ रेषा काढू नका. जायला वीस-पंचवीस मिनिटं, आत सव्वा तास, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या वेळी तुम्ही परत निघण्याच्या बेतात असायला हवं. ओहोटी उलटल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागा. पाणी समोरून लाटा आणत येत नाही. ते दोन्ही बाजूंच्या सखल भागातून आधी भरतं, आणि पुढे वाळू कोरडी दिसत असतानाच मागची वाट बुडते. आपल्याकडच्या नाल्याला पूर येतो तेव्हा निदान आवाज येतो.

पायात पट्ट्याची सँडल घाला. चप्पल वाळूत राहते, आणि अनवाणी गेलात तर खडकावरची कालवं (शिंपले) ब्लेडसारखी कापतात. जीन्स नको, ओली झाली की दिवसभर वाळत नाही. मोबाइलला प्लास्टिकची पिशवी. पाण्याची बाटली सोबत.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, अखेरच्या दिवसांत बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहात तो कान्होजींकडे आला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून याच्यावर चाल केली, तीही फसली. तटाजवळ जाऊन दगडांच्या सांध्यात बोट घालून बघा. बऱ्याच ठिकाणी मोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटीत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मोडतो. भिंत घट्ट सांधली असती तर प्रत्येक धक्का सगळ्या भिंतीने खाल्ला असता. तीनशेहून अधिक वर्षं समुद्र तिच्यावर आपटतोय.

दरवाजावर कोरलेले हत्ती, वाघ, मोर बघा. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं (आपले नागपूरचे रघुजी नव्हेत, नाव सारखं). जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी. भर समुद्रात खारं पाणी चहूकडे आणि मध्ये पिण्याजोगं पाणी, म्हणूनच इथं किल्ला टिकला. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर १८४९ साल ओतलेलं वाचता येतं. म्हणजे त्या कान्होजींच्या काळातल्या नव्हेत. काहीजण हौसेने उलटं सांगतात.

तटावरून सेल्फीसाठी कडेला जाऊ नका, शेवाळ असतं. आणि पोहण्याबद्दल: वर्धा-पैनगंगेत किंवा विहिरीत पोहणारा माणूस समुद्रात जास्त धोक्यात असतो, कारण त्याला पाण्याची भीती नसते. ओहोटीचं पाणी पाय आत ओढतं. कमरेच्या वर जाऊ नका, अंधार पडल्यावर अजिबात नको, दारू पिऊन तर पाण्याजवळही नको.

खाणं आणि पैसे

पहिल्यांदा समुद्राची मासळी खाणाऱ्याने सुरमई किंवा पापलेटपासून सुरुवात करावी, काटे कमी. बोंबील ताजा तळलेला तोंडात विरघळतो. बांगडा चवीला भारी, पण रोहू-मरळ खाल्लेल्या माणसालाही त्याचे काटे नवे. ताटाच्या पाटीवर भाव लिहिला नसेल तर ऑर्डरआधी विचारा. माळकरी मित्रासाठी वालाचं बिरडं, सोलकढी आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवा. आपल्याला तिखट कमी वाटेल. ठेचा घरून आणला असेल तर तो आता काढा, घरमालकालाही द्या. थंडीत गेलात तर पोपटी करून मागा: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून वरून जाळ. हुरड्याच्या रात्रीसारखीच मजा, आणि तयारीला वेळ लागतो म्हणून सकाळीच सांगावं लागतं.

कॉन्ट्री निघण्याआधी काढा, निम्मी नव्हे, पूर्ण. एकाच्या खात्यात जमा करा आणि तोच सगळीकडे देईल. खर्च तिथल्या तिथे ग्रुपवर टाकायचा. दारूचा हिशोब वेगळा ठेवा. न पिणाऱ्याच्या माथी तो बसला की पुढच्या सहलीला तो येत नाही. थोडी रोकड खिशात असू द्या, घोडागाडीवाल्याकडे रेंज असेलच असं नाही.

वेळ उरला तर रेवदंडा बघा, रिक्षा किंवा एसटीने. पोर्तुगीजांची तटबंदी नारळाच्या बागांत शिरलेली आहे आणि सातखणी मनोरा अजून उभा आहे. शेजारच्या चौलला १४६९ च्या सुमारास रशियातला व्यापारी अफनासी निकितिन उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेत आहे. मात्र किल्ला आणि रेवदंडा दोन्ही रविवारी सकाळी कोंबू नका. ओहोटी शनिवारची असेल तरच रविवारची सकाळ रेवदंड्याला द्या.

परत

रविवारी दुपारी दीड-दोनला अलिबाग सोडा. बोटीची बस कंपनीच्या कचेरीपासून निघते. सकाळीच वेळ पक्की करा. शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवू नका, रविवारी रांग लांब असते. चार-साडेचारला गेटवे, साडेपाचला स्टेशन. विदर्भ एक्सप्रेस सातच्या सुमारास निघते, अमरावतीची गाडी आठच्या सुमारास. रस्त्याने परतत असाल तर वडखळ-पेणच्या कोंडीसाठी दोन तास जास्त धरा. रविवारी मध्य रेल्वेच्या लोकलला मेगाब्लॉक असतो, म्हणून ठाण्याला गाडी पकडायचा बेतही जपून.

आणायचं काय, तर पांढऱ्या कांद्याची माळ. याला भौगोलिक मानांकन आहे, तिखटपणा कमी, कच्चा खायला छान. माळ डोक्याशी टांगा, बर्थखाली ठेवली तर दबते. सुके बोंबील आपल्या आठवडी बाजारातही मिळतात, तरी इथले घ्यायचेच असतील तर दोन पिशव्यांत बांधून डब्यात घट्ट बंद करा. बारा-चौदा तासांचा प्रवास आहे, आणि समोरच्या बर्थवरच्या काकू शाकाहारी असू शकतात.